कलम: कोरियाचा कायदा व अमेरिकेचा कायदा

कलम या शब्दाला मराठींत तीन अर्थ आहेत. कारकुनाच्या हातांतली लेखणी हें कलम; कायद्याच्या पुस्तकांतील आंकडा घातलेला परिच्छेद हें कलम; आणि रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधून जें झाड तयार करतात तेंहि कलमच. परदेशचा कायदा आपल्या देशांत आणूं पाहणारास हे तिन्ही अर्थ एकदम लागू पडतात. लेखणीनें कायद्याचें कलम लिहिणें फारसें अवघड नाहीं. तें एका रात्रींतहि लिहून होतें. परंतु तें खुंटाला धरलें कीं नाहीं, हें कळावयास कधीं कधीं चाळीस वर्षें जावीं लागतात. कोरिया व अमेरिका या दोन देशांच्या कायद्यांचा संबंध ही अशाच एका कलमाची हकीकत आहे. आणि ती सांगावयाचें निमित्त म्हणजे अमेरिकेंतील एका विद्यापीठांत वर्षानुवर्षें चाललेला एक शांत उद्योग.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचें नांव मराठी माणसास परकें नाहीं. बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं तेथेंच शिकावयास गेले, आणि याच विद्यापीठानें १९५२ सालीं त्यांना कायद्याचे डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. त्या विद्यापीठाच्या कायदेशाळेंत १९९४ सालीं कोरियाच्या कायद्याच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र केंद्र निघालें. पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांतहि त्याच विषयाचें केंद्र सुरू झालें. कोरियाचा कायदा अमेरिकेस समजावून द्यावा, अमेरिकेचा कायदा कोरियास समजावून द्यावा, आणि दोन्ही देशांच्या कायदेपंडितांस एका मेजाभोंवतीं बसवावें, एवढाच अशा केंद्रांचा हेतु.

अशा केंद्राचें वर्ष चैत्रांत सुरू होत नाहीं. अमेरिकन विद्यापीठांच्या रिवाजाप्रमाणें तें ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरांत सुरू होतें. त्या सुमारास सोलहून पाहुणे येतात. त्यांत न्यायाधीश असतात, सरकारी वकील असतात, मोठ्या वकिली कचेऱ्यांतील तरुण भागीदार असतात, आणि प्राध्यापकहि असतात. कोरियाचें न्यायखातें व तेथील सरकार आपल्या निवडक अधिकाऱ्यांस अभ्यासासाठीं परदेशीं पाठवितें. ज्या गृहस्थानें आपल्या देशांत उच्चासनावर बसून निवाडे दिले, तो येथें विद्यार्थ्यांच्या बांकावर बसून टिपणें घेतो. कोणी वर्षभराची पदव्युत्तर परीक्षा देऊन जुलै महिन्यांत न्यूयॉर्क राज्याच्या वकिलीच्या परीक्षेस बसतात. कोणी एकच प्रश्न घेऊन ग्रंथालयांत वर्ष काढतात. मधल्या महिन्यांत व्याख्यानें होतात, चर्चासभा भरतात, कोरियाच्या कायद्याचा एखादा वर्ग अमेरिकन विद्यार्थ्यांसाठीं चालतो. आणि उन्हाळ्याच्या सुटींत कांहीं अमेरिकन विद्यार्थी उलट दिशेनें सोलला जाऊन तेथील कचेऱ्यांत उमेदवारी करितात.

वरवर पाहणारास हा सारा प्रकार विद्वानांच्या सौजन्याच्या देवघेवीचा वाटेल. परंतु या मेजावर जे प्रश्न मांडले जातात, त्यांतील निदान एक तरी असा आहे कीं ज्याच्या उत्तरावर साध्या माणसाची रात्रीची झोंप अवलंबून असते. दारावर थाप पडली आणि बाहेर सरकारचीं माणसें उभीं असलीं, तर त्यांच्याजवळ कोणाच्या सहीचा कागद असला पाहिजे? कोरियाच्या गेल्या शंभर-सवाशें वर्षांच्या कायद्याचा इतिहास या एका प्रश्नाच्या धाग्यानें ओंवतां येतो.

दोन्ही देशांच्या कायद्यांची पहिली गांठ २२ मे १८८२ रोजीं पडली. चेमुल्पो, म्हणजे आजचें इंचॉन, या बंदरीं कोरियाच्या राजाचा व अमेरिकेचा मैत्रीचा व व्यापाराचा तह झाला. त्या तहाच्या चौथ्या कलमांत एक टोंचणारी अट होती. कोरियांत राहणाऱ्या अमेरिकन माणसानें गुन्हा केला तर त्याचा न्याय कोरियाच्या न्यायसभेनें करावयाचा नाहीं. तो अमेरिकेचा वकील अमेरिकन कायद्याप्रमाणें करील. मात्र कोरियाच्या राजानें आपले कायदे व न्यायाची रीत अमेरिकेच्या मतें तिच्या कायद्यांशीं जुळेशी सुधारली, म्हणजे हा हक्क सोडून दिला जाईल, असेंहि त्यांत लिहिलें होतें. परक्याच्या कायद्याशीं आपला कायदा जुळवून घ्या, मग तुम्हांस बरोबरीचें समजूं, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या देशाला १४८५ सालापासून स्वतःची मोठी विधिसंहिता होती, त्याला ही अट किती झोंबली असेल याची कल्पना करतां येते.

तरीहि १८९५ सालीं कोरियानें न्यायालयें राज्यकारभारापासून वेगळीं काढण्याचा कायदा केला आणि न्यायाधीश तयार करण्यासाठीं शाळा काढली. हें काम रुजावयास अवधि मिळाला नाहीं. १९०५ सालीं जपाननें कोरियाला आपल्या संरक्षणाखालीं घेतलें व १९१० सालीं तो देश गिळंकृत केला. जपानचा कायदा जर्मनीच्या वळणाचा होता. तोच कोरियावर लादला गेला. त्यांतहि दोन मापें होतीं. फटक्यांची शिक्षा १९१२ ते १९२० पर्यंत फक्त कोरियन माणसांसाठींच ठेवलेली होती. खुद्द जपानांत अटकेच्या बाबतींत न्यायाधीशाचा जो अंकुश होता, तो कोरियांत नव्हता. तेथें सरकारी वकील व पोलीस यांनाच माणसाला धरण्याचे व कोठडींत ठेवण्याचे व्यापक अधिकार होते. जर्मन जातीचा हा खुंट कोरियाच्या जमिनींत अशा कडवट पाण्यावर वाढला.

१९४५ सालच्या सप्टेंबरांत अमेरिकेचें सैन्य दक्षिण कोरियांत उतरलें आणि तेथें तीन वर्षें लष्करी शासन चाललें. आरंभीं या शासनानें पक्षपाती असे कांहीं कायदे रद्द केले, पण बाकीचा जपानी कायदा, नवा येईपर्यंत, तसाच चालूं ठेविला. नवें मोठें कलम बांधलें गेलें तें अगदीं शेवटीं. २० मार्च १९४८ रोजीं लष्करी शासनाचा १७६ क्रमांकाचा हुकूम निघाला आणि १ एप्रिलपासून तो अमलांत आला. न्यायाधीशाच्या वॉरंटाशिवाय कोणास धरूं नये, धरलेल्या माणसाला वकील मिळावा, त्याला जामीन मागतां यावा, आणि आपली अटक कायदेशीर आहे काय, असें त्यानें न्यायालयास विचारलें तर न्यायालयानें त्याला समोर आणवून चौकशी करावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. इंग्लंड-अमेरिकेंत ज्याला हेबिअस कॉर्पस म्हणतात, आणि ज्याच्या जोरावर भारतांतहि अनेकांना तुरुंगाचें दार उघडून मिळालें, त्याचें हें कोरियांतलें पहिलें पाऊल.

त्याच वर्षीं १० मे रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालीं निवडणूक झाली. देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून भारताचे के. पी. एस. मेनन यांनीं काम केलेलें होतें. १७ जुलै १९४८ रोजीं नवी राज्यघटना जाहीर झाली. तिचा मसुदा मुख्यतः यू जिन-ओ या कायदेपंडिताचा. त्यांनीं मंत्रिमंडळाची पद्धति योजिली होती. परंतु अमेरिकेंत शिकलेले व प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविलेले सिंगमन ऱ्ही यांच्या आग्रहावरून शेवटीं अध्यक्षीय पद्धति घालण्यांत आली. या घटनेच्या नवव्या कलमांत न्यायाधीशाचें वॉरंट, वकिलाचा हक्क व अटकेची न्यायालयांत फेरतपासणी या तिन्ही गोष्टी आल्या. परकी सेनापतीच्या हुकुमांतलें वाक्य कोरियन लोकांच्या स्वतःच्या घटनेंत आलें. काडी खुंटावर बांधून झाली होती.

यानंतरचा भाग मात्र सुखाचा नाहीं. १९५० ते १९५३ च्या युद्धानें देश उध्वस्त झाला. आणि १९६१ सालीं सेनापति पार्क चुंग-ही यांनीं सत्ता हातीं घेतली. तरीहि १९६२ सालच्या घटनेनें एक अमेरिकन रीत उचलली. कायदेमंडळानें केलेला कायदा घटनेविरुद्ध आहे काय, हें ठरविण्याचा अधिकार तिनें सामान्य न्यायालयांना व शेवटीं सर्वोच्च न्यायालयाला दिला. हा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें ठळकपणें वापरला तो २२ जून १९७१ रोजीं. सैनिकांना नोकरींत इजा झाली तर सरकारकडून नुकसानभरपाई मागण्यास मज्जाव करणारी तरतूद सरकारनें कायद्यांत घातली होती. व्हिएतनामच्या युद्धांत कोरियाचें सैन्य लढत होतें, त्या काळची ही गोष्ट. ती तरतूद घटनाबाह्य असल्याचा निर्णय नऊ विरुद्ध सात मतांनीं झाला.

याचें फळ न्यायाधीशांना लवकरच मिळालें. १९७२ सालीं पार्क यांनीं ‘युशिन’ नांवाची नवी घटना आणली. कायदा तपासण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडून काढून घेण्यांत आला. सैनिकांच्या भरपाईवरील बंदी थेट घटनेंतच घालण्यांत आली, म्हणजे पुन्हां कोणी न्यायाधीशानें ती घटनाबाह्य म्हणावयास नको! आणि १९७३ सालीं फेरनेमणुकांची वेळ आली तेव्हां त्या नऊ न्यायाधीशांपैकीं एकाचीहि फेरनेमणूक झाली नाहीं. अटकेच्या फेरतपासणीचा हक्कहि त्याच घटनेनें नाहींसा केला. पुढें ८ जानेवारी १९७४ रोजीं निघालेल्या पहिल्या आणीबाणीच्या हुकुमानें, ही घटना बदला असें म्हणणाऱ्यालासुद्धां वॉरंटाशिवाय धरून लष्करी न्यायालयापुढें उभें करतां येऊं लागलें. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. दारावर थाप मारणाऱ्याजवळ कागद असण्याचें कारण उरलें नाहीं.

अमेरिकन कायद्यावर विश्वासणाऱ्या मंडळींस या इतिहासानें एक कठोर धडा दिला आहे. कागदावर कलम उत्तम असलें, न्यायाधीश शूर असले, तरी राज्यकर्त्यास आवरणारें लोकमत पाठीशीं नसेल तर काडी वाळून जाते. आणि ज्या अमेरिकेनें १९४८ सालीं ही काडी दिली, तिचें सैन्य त्या सर्व काळांत कोरियांतच होतें आणि तिची या राज्यकर्त्याशीं मैत्रीहि कायम होती. तेव्हां कलम जगविणें हें माळ्याच्या हातीं नव्हतें. बागेच्या मालकांनाच जागें व्हावें लागलें.

ते जागे झाले. अटकेच्या फेरतपासणीचा हक्क १९८० सालच्या घटनेंत परत आला, आणि १९८७ च्या जून महिन्यांत लाखों लोक रस्त्यावर उतरल्यानंतर त्याच वर्षीं आजची घटना तयार झाली. तिच्या बाराव्या कलमांत अमेरिकन घटनेंतील एक प्रसिद्ध तत्त्व प्रथमच स्पष्टपणें आलें. नुसता कायदा असून भागत नाहीं. माणसाचें स्वातंत्र्य हिरावतांना योग्य रीतहि पाळली गेली पाहिजे, हें तें तत्त्व. धरलेल्या माणसाला धरण्याचें कारण व वकिलाचा हक्क सांगितलाच पाहिजे, असेंहि त्याच कलमांत आहे. परंतु कायदा तपासण्याचें काम या वेळीं अमेरिकन पद्धतीनें सर्वोच्च न्यायालयाकडे न देतां, जर्मन पद्धतीनें एका वेगळ्या घटना-न्यायालयाकडे दिलें. हें न्यायालय १९८८ च्या सप्टेंबरांत सुरू झालें. त्यांत नऊ न्यायाधीश असतात. तिघे अध्यक्षानें, तिघे कायदेमंडळानें व तिघे सरन्यायाधीशानें सुचविलेले. १९७१ चा अनुभव विसरला गेला नव्हता.

भारतांतील वाचकास येथें घरची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. भारताची घटना तयार होत असतां तिचे सल्लागार बी. एन. राव १९४७ सालीं अमेरिकेस जाऊन न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि परत आल्यावर ‘योग्य रीती’चे ते शब्द मसुद्यांतून गाळण्यांत आले. त्याऐवजीं ‘कायद्यानें घालून दिलेली पद्धति’ असे मोजके शब्द आले. त्यामुळें जी उणीव राहिली ती कांहीं अंशीं भरून काढण्यासाठीं आंबेडकरांनीं १९४९ च्या सप्टेंबरांत अटकेसंबंधींचें नवें कलम मांडलें. तेंच आजचें बाविसावें कलम. गाळलेलें तत्त्व भारतांत परत आलें तें १९७८ सालीं, मनेका गांधी खटल्यांतील निकालानें. एकाच झाडाची काडी दोन देशांनीं मागितली. एकानें आधीं नाकारून न्यायाधीशांच्या हातून मागाहून घेतली, दुसऱ्यानें चाळीस वर्षें भोगून स्वतःच्या घटनेंत लिहिली.

१९८७ नंतर कोरियानें अमेरिकेकडून आणखी पुष्कळ गोष्टी घेतल्या, पण आतां त्या पारखून घेतल्या. १५ नोव्हेंबर २००७ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं बेकायदा झडतींत मिळालेली वस्तूसुद्धां पुरावा म्हणून चालणार नाहीं. हा नियम मूळचा अमेरिकेचा. १ जानेवारी २००८ पासून फौजदारी खटल्यांत ज्यूरी आली, आणि त्या वर्षीं १२ फेब्रुवारीस देगू शहरांत पहिला असा खटला चालला. आरोपीची इच्छा असेल तरच ज्यूरी बसते. तींत पांच, सात किंवा नऊ नागरिक असतात. विशेष हें कीं त्यांचा निर्णय न्यायाधीशावर बंधनकारक नाहीं; मात्र न्यायाधीशानें वेगळा निकाल दिला तर त्याचें कारण त्यानें निकालपत्रांत लिहिलें पाहिजे. मुंबईंत १९५९ सालीं नानावटी खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपीस निर्दोष ठरविलें व उच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. भारतानें त्यानंतर ज्यूरी हळूहळू मोडीत काढली. कोरियानें अर्ध्या शतकानंतर ती जपून, लगाम घालून आणली.

कायद्याच्या शिक्षणांतहि असाच बदल झाला. पूर्वीं कोरियांत वकील किंवा न्यायाधीश व्हावयाचें तर एक अत्यंत कठीण राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे आणि नंतर सरकारी प्रशिक्षणसंस्थेंत दोन वर्षें काढावीं लागत. मार्च २००९ पासून अमेरिकन धर्तीच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर कायदेशाळा सुरू झाल्या; संख्या पंचवीस, एकूण जागा दोन हजार. जुनी परीक्षा २०१७ सालीं कायमची बंद झाली. हा बदल सर्वांना रुचला असें नाहीं. जुनी परीक्षा निर्दय होती, तिच्यापायीं अनेकांच्या तारुण्याचीं वर्षें कोंदट खोल्यांत गेलीं. परंतु ती सर्वांस खुली होती. गरीब शेतकऱ्याचे चिरंजीव रोह मू-ह्यून व्यापारी माध्यमिक शाळेपलीकडे शिकलेले नव्हते. घरीं अभ्यास करून १९७५ सालीं ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले, न्यायाधीश झाले, वकील झाले आणि २००३ सालीं देशाचे अध्यक्ष झाले. आज कायदेशाळेंत जावयास आधीं पदवी हवी, मग तीन वर्षांची फी हवी. अमेरिकेचें शिक्षण आणतांना अमेरिकेची फीहि आली, ही तक्रार कोरियांत ऐकूं येते, आणि ती खोटी नाहीं. केंद्रांतील चर्चांत अशा प्रश्नांना जागा असणें हें त्यांच्या उपयुक्ततेचें खरें गमक होय.

व्यापाराचा भागहि मोठा आहे. दोन्ही देशांतील खुल्या व्यापाराचा करार १५ मार्च २०१२ रोजीं अमलांत आला आणि त्याबरोबर अमेरिकन वकिली कचेऱ्यांना सोलचीं दारें पायरीपायरीनें उघडलीं. त्याच वर्षीं २४ ऑगस्टला एक चमत्कारिक योग जुळून आला. सॅमसंग व अ‍ॅपल या कंपन्यांचा मोबाइल फोनच्या पेटंटांचा झगडा दोन्ही देशांत चालूं होता. सोलच्या जिल्हा न्यायालयानें दोन्ही कंपन्या थोड्याथोड्या दोषी धरून दोघांसहि किरकोळ भरपाई द्यावयास सांगितलें. आणि त्याच तारखेस कॅलिफोर्नियांतील सॅन होसे येथील ज्यूरीनें सॅमसंगनें एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी असा निर्णय दिला. दोन्हीकडील वादाचें मूळ एकच, पक्षकार तेच, आणि निकालांत एवढें अंतर! तें कां पडलें, पुरावा गोळा करण्याच्या रीती कशा निराळ्या, ज्यूरी काय पाहते व न्यायाधीश काय पाहतो, हें ज्याला समजावून घ्यावयाचें आहे, त्याला दोन्ही देशांचे जाणकार एकत्र बसलेले हवेत.

अमेरिकेनें कोरियाकडून शिकावें असें कांहीं आहे काय? आरंभीं या प्रश्नाला हंसून उत्तर दिलें गेलें असतें. आतां तसें राहिलेलें नाहीं. कोरियाचा नागरिक आपल्या मूलभूत हक्काची तक्रार थेट घटना-न्यायालयाकडे नेऊं शकतो. तें न्यायालय एखादा कायदा सदोष ठरवूनहि तो तत्काळ रद्द न करतां, अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा, असें कायदेमंडळास बजावूं शकतें. २०१९ सालीं गर्भपातबंदीच्या बाबतींत त्यानें असेंच केलें, आणि २९ ऑगस्ट २०२४ रोजीं, पुढील पिढ्यांसाठीं हवेंतील कार्बन कमी करण्याचीं २०३१ नंतरचीं उद्दिष्टें कायद्यांत नाहींत म्हणून, हवामानाच्या कायद्याबाबतहि तसाच निर्णय दिला. महाभियोगाचेंहि तसेंच. अमेरिकेंत अध्यक्षावरील महाभियोगाचा निवाडा सिनेटांतील राजकारणी करितात, आणि तेथें आजवर एकहि अध्यक्ष त्या मार्गानें पदच्युत झालेला नाहीं. कोरियांत कायदेमंडळ आरोप ठेवतें, निवाडा घटना-न्यायालय करतें. २००४ सालीं त्यानें रोह मू-ह्यून यांना पदावर परत बसविलें; १० मार्च २०१७ रोजीं पार्क ग्युन-हे यांना एकमतानें पदच्युत केलें. त्या पार्क चुंग-ही यांच्या कन्या, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आणि मग ३ डिसेंबर २०२४ ची रात्र आली. साडेदहाच्या सुमारास अध्यक्ष यून सुक-योल यांनीं दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. थोड्याच वेळांत लष्कराचा पहिला हुकूम निघाला. कायदेमंडळाचें व राजकीय पक्षांचें कामकाज बंद. वृत्तपत्रें लष्कराच्या ताब्यांत. आणि हुकूम मोडणारास वॉरंटाशिवाय धरतां येईल, कोंडतां येईल, त्याची झडती घेतां येईल. पन्नास वर्षांपूर्वींचे ते शब्द पुन्हां कागदावर उतरले होते.

परंतु या वेळीं झाड पूर्वींचें राहिलेलें नव्हतें. सामान्य माणसें घरांतून निघून कायदेमंडळाच्या फाटकाशीं गोळा झालीं. सैनिक आंत शिरत असतां सभासद कुंपणांवरून चढून सभागृहांत पोंचले. रात्रीं एकच्या सुमारास तीनशेंपैकीं एकशें नव्वद सभासद हजर होते, आणि एकशें नव्वदांनींहि लष्करी कायदा उठवावा असें मत दिलें. घटनेच्या सत्त्याहत्तराव्या कलमाप्रमाणें असा ठराव झाल्यावर अध्यक्षाला तो मानावाच लागतो. पहांटेपर्यंत लष्करी कायदा उठला. १४ डिसेंबरला २०४ मतांनीं महाभियोग मंजूर झाला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजीं घटना-न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनीं एकमतानें यून यांना पदावरून दूर केलें. १९७३ सालीं सत्तेच्या विरुद्ध निकाल देणारे नऊ न्यायाधीश घरीं गेले होते. या वेळीं सत्ताधीश घरीं गेला.

हें अमेरिकेच्या कायद्याचें यश म्हणावें काय? तसें म्हणणें कोरियन जनतेवर अन्याय होईल. १७६ क्रमांकाच्या हुकुमानें शब्द दिले. ते शब्द जगविण्यासाठीं तुरुंगांत गेलेलीं माणसें कोरियाचींच होतीं. अध्यक्षाला दूर करणारें न्यायालय जर्मन वळणाचें, त्याच्या पायरीवर लोकांनीं धरलेला आग्रह निव्वळ देशी. उलट, अमेरिकेचा त्यांत कांहींच वाटा नाहीं असें म्हणणेंहि खरें नाहीं. काडी बाहेरून आली, मुळें येथलीं. फळ आलें तें दोहोंचें. हापूसच्या आंब्याला रायवळचा खुंट कोणता होता हें खाणारा विचारीत नाहीं, पण बागवानास तें ठाऊक असावेंच लागतें.

विद्यापीठांतील हीं केंद्रें त्या बागवानाचें काम करितात. दर सप्टेंबरांत सोलहून नवे न्यायाधीश व वकील येतात, वर्षभर प्रश्न विचारतात आणि परत जातांना आपल्या देशासाठीं कांहीं घेऊन जातात, कांहीं सोडूनहि जातात. १८८२ च्या तहांत अमेरिकेनें कोरियास, आमच्यासारखे व्हा मग बोलूं, असें सांगितलें होतें. आज त्या दोन देशांचे कायदेपंडित एका मेजाशीं बसतात तेव्हां ती अट कोणाच्या मनांत नसते. कोरियाच्या न्यायाधीशाला अमेरिकन ज्यूरीविषयीं विचारावयाचें असतें, आणि अमेरिकन विद्यार्थ्याला विचारावयाचें असतें कीं डिसेंबरच्या त्या थंड रात्रीं, लष्कराचा हुकूम हातीं असतां, लोक घराबाहेर कसे पडले. १९४८ सालीं वॉरंट म्हणजे काय हें कोरियास एका परकी सैन्याच्या हुकुमांतून वाचावें लागलें होतें. २०२४ सालीं तें कोणी कोणास समजावून सांगावें लागलें नाहीं.